गाडीचा चातुर्मास

देव आषाढी एकादशीला झोपतात आणि कार्तिकीला उठतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मोटारीलाही कधी कधी असेच झोपवावे लागते, त्याचे एक शास्त्र असते, आणि ते न पाळणाऱ्याला ती उठताना चांगलीच अद्दल घडवते, हे कळायला मात्र वयाची सदुसष्ट वर्षे उलटावी लागली. त्यातही मी चौतीस वर्षे चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. लोखंडाला गंज का चढतो हे मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. निदान माझी तशी समजूत होती.

आमची मोटार साधी नाही. म्हणजे महागही नाही. पण साधी नाही. ती स्पोर्ट्स कार आहे. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे पाहतो आणि मग हसतो. त्याचे चुकत नाही. आमच्या शहरातल्या मंडळींनी २०१० सालच्या ऑक्टोबरात एका दिवशी जवळजवळ दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या आणि साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत नाव गाजवले. त्या दिवशीही आमची मोटार घरातच होती आणि तिची बातमी कुठेही आली नाही. ती आहे गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’. १९९८ साली ती बाजारात आली. दोनच माणसांची बैठक, वर घडी होणारे कापडी छप्पर, अंग सारे फायबरचे आणि पोटात रेनॉ या फ्रेंच कंपनीचे बाराशे सी.सी.च्याही आतले इंजिन. जेमतेम साठ अश्वशक्ती. पण बसक इतकी खाली, की चाळीसच्या वेगाने जालना रोडवरून जाताना ऐंशीचा भास होतो. माझ्या वयाला हा भास पुरतो.

ती आमच्याकडे आली २००८ साली. आली म्हणजे ओढून आणली. चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. एका भंगारवाल्याच्या आवारात, जुन्या बॉयलरच्या आडोशाला, चाके नसलेली ती त्याला दिसली. रात्री जेवताना ताटावरून नजर न उचलता तो म्हणाला, “बाबा, एक गाडी घेऊ या का?” आमच्यात तोवर बोलणे असे नव्हतेच. तो वयात आल्यापासून एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहत होतो. त्याने काही मागितले याचेच मला इतके नवल वाटले की किंमत विचारण्याआधीच मी ‘हो’ म्हणून बसलो. हिने मात्र विचारली.

पुढची दोन वर्षे दर रविवारी आम्ही दोघे गॅरेजच्या फरशीवर आडवे असू. तेव्हाही बोलणे झाले ते पान्यांच्या नंबरांतूनच. “दहाचा द्या.” “दहाचा गोल होईल, अकराचा बघ.” “बसला.” याहून अधिक लांबीचे संभाषण मला आठवत नाही. पण त्या दोन वर्षांत आम्ही जेवढे बोललो तेवढे त्याआधी बोललो नव्हतो आणि, खरे सांगायचे तर, नंतरही नाही. २०१४ साली तो जर्मनीला गेला. मोटार इथेच राहिली. परदेशी गेलेल्या मुलांना मोटारी नेता येत नाहीत. आईबाप नेता येतात, पण तेही एका वेळी नव्वद दिवसांपुरतेच. पाहुण्यांच्या व्हिसावर तेवढेच दिवस असतात.

आमचे पहिले नव्वद दिवस २०२३ सालच्या ऑगस्टात सुरू झाले. नातू तीन वर्षांचा झाला होता आणि आम्हाला फक्त फोनच्या पडद्याएवढाच ठाऊक होता. निघायच्या आधीचे आठ दिवस घरात बेगमी चालली होती. हिने तूरडाळीला एरंडेलाचा हात लावला, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला, शालू उन्हात धरून पुन्हा जुन्या धोतरात गुंडाळला, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधले. मीही माझ्या मोटारीची व्यवस्था लावली आणि ती चोख लावली असे मला वाटत होते. निघायच्या दिवशी सकाळी ती स्वच्छ धुतली. छपराची छान घडी घालून ते मागे ठेवून दिले. हँडब्रेक करकचून ओढला. टाकीत पाव भाग पेट्रोल होते. उगीच पैसे कशाला अडकवा, म्हणून आणखी भरले नाही. वरून प्लॅस्टिकची जाड ताडपत्री घालून चारी बाजूंनी सुतळीने आवळली. शेजारच्या मुलाकडे किल्ली देऊन त्याला बजावले, “दर रविवारी ताडपत्री थोडी वर करायची आणि पाच मिनिटे गाडी सुरू ठेवायची. विसरायचे नाही.” तो फार आज्ञाधारक मुलगा आहे.

“दोन डहाळ्या तिच्यातही टाकू का कडुलिंबाच्या?” हिने विचारले होते. मी हसलो होतो.

चिरंजीव राहतो ते गाव श्टुटगार्टच्या जवळ आहे. टेकडीच्या उतारावर घरे, घरांखाली गॅरेजे, आणि एवढी शांतता की माझे दुपारचे घोरणे मलाच ऐकू येई. शेजारी एक गृहस्थ राहत, ऐंशीच्या घरातले, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे लाल रंगाची माझ्दा मोटार होती, दोनच बैठकींची, कापडी छपराची. ती पाहताच परक्या गावात नात्यातले कुणी भेटावे तसा मला आनंद झाला. मी फोनमधला आमच्या मोटारीचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मान हलवली. त्यानंतर भाषेवाचून आमचे काही अडले नाही.

त्यांच्या मोटारीच्या नंबरपाटीवर उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन आकडे होते : वर ०४ आणि खाली १०. मला वाटले, हा नंबराचाच भाग. चिरंजीवाने सांगितले, “बाबा, ते महिने आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर. तेवढेच महिने तिचा कर, तेवढाच विमा. ते संपले की गाडी रस्त्यावर आणायची नाही, रस्त्यावर नुसती उभीदेखील करायची नाही.” १९९७ सालापासून तिथे अशा पाट्या मिळतात. पुढे बर्फ पडतो, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ मोटारीची तळची हाडे खाऊन टाकते. म्हणून अशा हौसेच्या मोटारी थंडीभर झोपवून ठेवतात. त्यांच्या भाषेत त्याला जो शब्द आहे त्यात कसर दडली आहे, लोकरीचे कपडे खाणारी. आपण शाल डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवतो, तशी ते मोटार ठेवतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी म्हातारबुवांनी आमचे दार वाजवले आणि मला खुणेने बोलावले. मला वाटले, फेरफटका असेल. फेरफटकाच होता, पण त्या वर्षातला शेवटचा. पाऊण तास त्यांनी टेकड्यांवरून गाडी फिरवली. इंजिन, तेल, सायलेन्सर, सारे कडकडीत तापले पाहिजे, मगच झोप, असा त्यांचा नियम. परतताना पंपावर थांबून त्यांनी टाकी काठोकाठ भरली. थेंबभर आणखी मावेल का म्हणून पुन्हा दांडा दाबला. गॅरेजशी चिरंजीव उभाच होता. त्याला मी विचारायला लावले, की चालवायची नाही तर पेट्रोल कशाला?

उत्तर आले : रिकाम्या जागेत हवा राहते, हवेत ओल असते, थंडी पडली की ती टाकीच्या पत्र्यावर पाणी होऊन उतरते. भरलेल्या टाकीत तिला जागाच नाही.

मला चिकलठाण्यातली पाव टाकी आठवली.

मग त्यांनी गरम असतानाच इंजिनातले तेल सोडले आणि नवे भरले. मी म्हटले, हे तर गाडी बाहेर काढताना करायचे. नाही म्हणाले. पेट्रोल जळून जी आम्ले होतात आणि जे पाणी होते ते जुन्या तेलात उतरलेले असते. ते पोटात घेऊन गाडी पाच महिने निजली तर बेअरिंगे आतून खरवडून निघतात. खरकटे भांडे रात्रभर तसेच ठेवू नये, हा न्याय हिला मी सांगितला असता तर ती म्हणाली असती, यात नवीन काय?

यानंतरची दुपार माझ्या जन्मात मी विसरणार नाही. म्हातारबुवा एकेक काम करीत होते, आणि प्रत्येक कामागणिक मला माझा एकेक अपराध कळत होता. त्यांनी गाडी आदल्या दिवशीच धुतली होती आणि मग चालवून सांदीकोपऱ्यांतली ओल घालवली होती. मी माझी ओली झाकून आलो होतो. त्यांनी छप्पर वर ताणून पक्के बसवले, कारण घडीत राहिलेल्या कापडाला घडीवरच चीर जाते. मी माझ्या छपराची छान घडी घातली होती. त्यांनी हँडब्रेक मोकळा सोडला, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना लाकडी पाचरी लावल्या. ओढलेला ब्रेक ओलीत चाकाच्या ड्रमला चिकटून बसतो. मी करकचून ओढला होता. चाकांत नेहमीपेक्षा बरीच जास्त हवा भरली, एका जागी उभे राहून टायरला चपटेपणा येऊ नये म्हणून. बॅटरीचा ऋण टोकाचा वायसर आधी काढला, बॅटरी उचलून घरात नेली आणि एका लहानशा चार्जरला जोडली, कारण भुकेली ठेवलेली बॅटरी पुन्हा भरून घेत नाही. काचा बोटभर खाली केल्या. शेवटी सुती कापडाची खोळ घातली. प्लॅस्टिक का नाही, हे विचारण्याचे मला धाडस झाले नाही.

एकच गोष्ट मी विचारली. माझ्याकडे तेवढा एकच हुकमाचा पत्ता उरला होता. “दर आठवड्याला पाच मिनिटे सुरू करतात ना ही?”

म्हातारबुवांनी चिरंजीवाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काहीतरी बोलले. चिरंजीव हसू दाबत म्हणाला, “ते म्हणतात, झोपलेल्या माणसाला तासातासाने उठवून, झोप लागली का, असे विचारतात का तुमच्याकडे?” पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. न तापलेल्या इंजिनात जळण्यातून सुटलेले पाणी तसेच तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचून राहते. न उठवणे परवडले.

त्या रात्री मी शेजारच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “काका, एकही रविवार चुकवला नाही!” मी त्याला शाबासकी दिली. काय करणार?

म्हातारबुवांचे शेवटचे काम सांगायचे राहिले. खोळ घालण्यापूर्वी त्यांनी एक कागद घेतला, त्यावर सावकाश, सुवाच्य अक्षरांत काय काय केले ते लिहिले : हवा किती, तेल कोणते, बॅटरी कुठे, कोणत्या नळीत उंदीर जाऊ नये म्हणून काय कोंबले आहे. तो कागद चिकटपट्टीने स्टिअरिंगला लावला. मला वाटले, म्हातारपणचा विसर. चिरंजीवाने विचारले आणि उत्तर ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मला म्हणाला, “एप्रिलमध्ये मी नसलो तर मुलीला कळायला हवे, म्हणतात.”

आम्ही परत आलो तेव्हा दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. हिने घराची कुलपे काढली. डाळीला कीड नव्हती, गहू स्वच्छ होता, शालूला कसर लागलेली नव्हती. मी गॅरेजमध्ये गेलो आणि ताडपत्रीची सुतळी सोडली.

आमच्याकडे पाऊस काही फार नाही. चिकलठाण्याच्या वेधशाळेचे आकडे रोज वर्तमानपत्रांत येतात; वर्षाचा हिशेब सातशे मिलिमीटरच्या आसपास. कोकणातल्या माणसाला याचे हसूच येईल. पण आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच फुगून येते. गावाच्या नावावरून बाहेरचे लोक चिखलाचा विनोद करतात तो आम्ही निमूट ऐकून घेतो. गॅरेजच्या शहाबादी फरश्या दर पावसाळ्यात बोट-दोन बोटे उचलतात आणि फटींतून ओल वर येते. वरून प्लॅस्टिक, खालून ही ओल. मोटारीचे मी वाफेवरचे मोदक करून ठेवले होते. बैठकींवर हिरवी बुरशी धरली होती. छपराला घडीवर वीतभर चीर. अंग फायबरचे म्हणून वरून ती नव्या नवरीसारखी दिसत होती, पण हाडे लोखंडाची. खाली वाकून बॅटरी लावली तर पापुद्रे सुटलेले. मागची दोन्ही चाके जागची हलेनात. एअरफिल्टरच्या डब्यात उंदरीण बाळंत होऊन गेली होती आणि वायरिंगच्या आवरणांवर तिने डोहाळे पुरवून घेतले होते. टाकीच्या तळाशी पाणी. आपल्याकडच्या पेट्रोलात आता उसाच्या मळीतले इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. ते हवेतली ओल ओढून घेते आणि पाणी फार झाले की त्यासह तळाशी जाऊन बसते, हे मी नंतर वाचले.

चिरंजीवाला फोटो पाठवले. रात्री त्याचा फोन आला. खर्चाचा अंदाज विचारला. मग म्हणाला, “बाबा, विकून टाका आता. भंगारात देऊन टाका. किती दिवस तुम्ही तिच्यामागे राहणार?”

त्याचे बोलणे व्यवहाराचे होते. मी बरे म्हणालो आणि फोन ठेवला. पण मला झोप आली नाही. मोटार द्यायची म्हणजे गॅरेज रिकामे. गॅरेज रिकामे म्हणजे मग घर तरी एवढे मोठे कशाला? मग चिकलठाणा तरी कशाला? ही गोष्ट त्याच्या मनात होती की नव्हती, देव जाणे. माझ्या मनात मात्र त्या रात्री ती पहाटेपर्यंत चालत राहिली. सकाळी हिने चहा देताना विचारले, “काय ठरले?” मी म्हटले, “बघू.” ती म्हणाली, “बघू नका. माझ्या बांगड्यांचे पैसे मागणार नसाल तर दुरुस्त करा.”

दुरुस्तीची कथा सांगत नाही. चार महिने गेले, दोन जुने सोबती मदतीला आले, ब्रेकचे ड्रम हातोडीने आणि शिव्यांनी सुटले. होळीला गाडी सुरू झाली. एकच भाग मिळाला नाही : टायमिंग बेल्ट. रबराचा हा दातेरी पट्टा चालून झिजतो तसा नुसत्या वयानेही म्हातारा होतो. आमच्या पट्ट्याला बारीक तडे दिसत होते. मुंबई झाली, पुणे झाले; सॅन स्टॉर्मचे नाव काढले की दुकानदार आधी गाडीच समजावून मागत. चिरंजीवाला मी सहज म्हणून बोलता बोलता हे सांगितले. तो “हं” म्हणाला. त्याचे ‘हं’ मला तीस वर्षे ठाऊक आहे. त्यातून काही निघत नाही.

२०२४ सालच्या जूनच्या मध्यावर आम्ही पुन्हा निघालो. या वेळी देवांच्या महिनाभर आधीच आमची मोटार झोपली. मी जर्मन पद्धतीने सारे केले, आणि जिथे जर्मन पद्धत चिकलठाण्याला पुरी पडत नव्हती तिथे हिचा सल्ला घेतला. तो तिने एक वर्ष राखून ठेवला होता. फरशीवर आधी जाड प्लॅस्टिक अंथरले, त्यावर फळ्या, त्यावर चाके. “ज्वारीची पोती भुईवर टेकवतात का कधी?” हा तिचा प्रश्न. खोळ तिने जुन्या सुती चादरी शिवून केली. एका चादरीवर मोर होते, ते नेमके पुढच्या दिव्यांवर आले. बैठकींखाली कडुलिंबाच्या डहाळ्या. उंदरांसाठी मी जाळी शोधत होतो, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून भांडी घासायच्या तारेच्या दोन कोऱ्या घासण्या आणून दिल्या. एक हवेच्या तोंडात बसवली, दुसरी सायलेन्सरच्या नळीत कोंबली. तारेला उंदीर तोंड लावत नाही.

“पण उठवताना विसराल,” ती म्हणाली. मला ते लागले. घरापासून विमानतळ हाकेच्या अंतरावर. उभ्या विमानांच्या नळ्यांना झाकणे घालून त्यांना लाल फिती लोंबत ठेवतात, ते मी कितीदा पाहिले आहे. मी तशीच एक लाल फीत स्टिअरिंगला बांधली. शिवाय म्हातारबुवांसारखा कागद लिहिला, मराठीत, टूलरूममध्ये लिहीत असे तशा ठळक अक्षरांत. हवा, तेल, बॅटरी, फळ्या, आणि शेवटी : ‘घासण्या दोन. एक पुढे, एक मागे.’ कागद लावला. का कोण जाणे, त्याचा फोटोही काढला आणि चिरंजीवाला पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. आम्ही त्याच्याच घरी निघालो होतो, तेव्हा उत्तर यायला हवे होते असेही नाही; पण तिथल्या नव्वद दिवसांतही त्याने तो विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. म्हातारबुवांची लाल मोटार मात्र अंगणात उभी होती, आणि एप्रिलमध्ये ती त्यांनी स्वतःच काढली होती.

सप्टेंबरच्या मध्यावर परत आलो. हिने सामान उपसताना नातवाच्या लहान झालेल्या सदऱ्यात गुंडाळलेले काहीतरी माझ्यापुढे ठेवले. आत टायमिंग बेल्ट होता, ताण धरणाऱ्या कप्पीसकट. आमच्या इंजिनाचेच भाऊबंद तिकडे रेनॉच्या ट्विंगो या लहान मोटारीत असते, त्याचा. सोबत वहीचे चिटोरे होते. त्यावर एकच ओळ : ‘बसवताना फोन करा.’

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन केला. फोन एका डब्यावर टेकवून ठेवला आणि मी बॉनेटखाली शिरलो. तीन तास लागले. खुणेला खूण जुळली पाहिजे, एक दात इकडेतिकडे झाला तर इंजिनाचे ताल बिघडतात. तिकडे त्याची सकाळ होती, कामावर जायचे होते. तो गेला नाही. “दहाचा घ्या.” “दहाचा फिरतोय.” “मग अकराचा बघा.” मध्ये नातवाने पडद्यात डोके घालून विचारले, आजोबा कुठे आहेत, फक्त पाय का दिसतात?

दुसऱ्या दिवशी दसरा. मोरांची खोळ काढली. गाडी कोरडी ठणठणीत होती. बैठकींना कडुलिंबाचा वास. चाके फळ्यांवरून अलगद उतरली. टाकी काठोकाठ तशीच. हिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आपट्याची पाने ठेवली. स्टिअरिंगवरची लाल फीत पूजेचीच समजून मी तिच्यात एक झेंडू खोवला. कागद मी आधीच काढून खिशात घातला होता; मला तो पाठ होता. चिरंजीवाचा फोन लावून हिच्या हातात दिला आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागले. दोन ठोके दिले आणि गुदमरून बंद पडले. पुन्हा फिरवली, पुन्हा दोन ठोके. तिसऱ्यांदा तेच. मला घाम फुटला. पट्ट्याचा दात चुकला, दुसरे काही नाही. आता पुन्हा सारे सोडावे लागणार, आणि त्याला पुन्हा एक दिवस घरी बसावे लागणार, आणि या वेळी तो बसेल कशावरून? मी किल्ली सोडली. हिच्या हातातल्या फोनमधून खरखर आली.

“बाबा.”

“अरे, दात चुकला वाटते.”

“नाही चुकला. मी पाहिला आहे,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “बाबा, मागची घासणी काढलीत का?”

ही काही बोलली नाही. फोन माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली आणि सांडशी घेऊन आली.